मेंदूच्या जाळ्यातून स्वमग्नतेच्या खुणा कशा शोधाव्यात

जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की प्रकल्पासाठी विषय शोधणारे पदव्युत्तर विद्यार्थी गोव्यात फोंड्याला माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याला तरी मेंदूच्या एमआरआयवरून स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ओळखण्याचा विषय हवा असतो. विषय घेण्यासारखा आहे. लागणारा डेटा विनामूल्य मिळतो, बरेचसे काम साध्या लॅपटॉपवर होते, आणि आलेख सिद्धांत (म्हणजे जाळ्यांचे गणित) व संख्याशास्त्र यांचे शिकलेले धडे एका जिवंत प्रश्नाला लावून पाहता येतात. अडचण एवढीच आहे की या कामात उत्तर फार लवकर हाती येते आणि पहिल्यांदा आलेले उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. म्हणून पुढच्या मजकुरात गणितापेक्षा पडताळणीला अधिक जागा दिली आहे. गणित संगणक करतो. पडताळणी मात्र आपणच करायची असते.

सुरुवात ‘खूण’ या शब्दापासून करावी. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, तेव्हापासून आजपर्यंत तिचे निदान वागणुकीच्या निरीक्षणावरूनच होत आले आहे. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानसंहितेत त्यासाठी लक्षणांचे दोन गट दिले आहेत: सामाजिक संवादातील अडचणी, आणि ठरावीक, पुन्हापुन्हा होणारे वर्तन किंवा आवडीनिवडी. भारतात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही चाळीस प्रश्नांची मापनपट्टीही पालकांच्या माहितीवर आणि मुलाच्या निरीक्षणावरच उभी आहे. तीत ७० किंवा त्याहून अधिक गुण आले तर स्वमग्नता धरली जाते. रक्ततपासणीने किंवा एमआरआयने निदान होत नाही. मग मेंदूच्या जाळ्यातील खूण म्हणजे काय, हे काम हाती घेण्यापूर्वी एका वाक्यात लिहून ठेवावे. दोन गटांच्या सरासरीत दिसणारा फरक ही एक प्रकारची खूण झाली, एकट्या व्यक्तीबद्दल भाकीत करू शकणारे माप ही दुसऱ्या प्रकारची, आणि स्वमग्न व्यक्तींमधले उपगट वेगळे करणारे माप ही तिसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारची खूण सापडली की दुसऱ्या प्रकारची आपोआप मिळते, असे मानणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि कित्येक प्रबंधांचा निष्कर्ष त्याच गैरसमजावर उभा असतो.

जाळे म्हणजे नेमके काय

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की त्या भागाकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत किंचित बदलतो. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हे तत्त्व दाखवून दिले आणि त्यावरच फंक्शनल एमआरआय उभे राहिले. पुढे १९९५ साली विस्कॉन्सिनमध्ये संशोधन करणाऱ्या भरत बिस्वाल यांना असे आढळले की माणूस काहीही न करता नुसता पडून असला तरी मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या, हालचालीशी संबंधित भागांतील संकेत संथ लयीत एकत्र वरखाली होत राहतात. या विश्रांतीतल्या लयी साधारण ०.०१ ते ०.१ हर्ट्झ एवढ्या संथ असतात. ज्या दोन भागांच्या लयी जुळतात त्यांच्यामध्ये ‘कार्यात्मक दुवा’ आहे असे म्हटले जाते. मेंदूचे भाग हे नोड, लयींचा सहसंबंध हा दुवा, आणि या सर्वांचे मिळून होणारे चित्र म्हणजे जाळे.

दुवा या शब्दाने मात्र फसू नये. पावसाळ्यात साळगावच्या आणि हळदोण्याच्या विहिरींची पातळी एकाच वेळी वाढते. त्यावरून त्या दोन विहिरींना जोडणारा भुयारी पाट आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण दोन्हीकडे एकच पाऊस पडलेला असतो. मेंदूतही दोन भागांच्या लयी जुळण्यामागे त्यांना जोडणारे मज्जातंतू असू शकतात, दोघांनाही चालवणारा तिसराच भाग असू शकतो, किंवा श्वास, हृदयाचे ठोके आणि डोक्याची हालचाल असा सगळीकडे सारखाच पडणारा ‘पाऊस’ही असू शकतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हा पाऊस वेगळा काढण्याचाच प्रयत्न चाललेला असतो.

डेटा कुठून आणावा

नवशिक्याने स्वतः डेटा जमवण्याच्या फंदात पडू नये. ‘ऑटिझम ब्रेन इमेजिंग डेटा एक्स्चेंज’, संक्षेपाने अबाइड, हा संग्रह २०१२ साली खुला झाला. त्यात सतरा केंद्रांतून आलेल्या १,११२ व्यक्तींचे स्कॅन आहेत. त्यांपैकी ५३९ स्वमग्न आणि ५७३ तुलनेसाठी घेतलेल्या. २०१६ साली आलेल्या दुसऱ्या भागात आणखी १,११४ स्कॅनची भर पडली. पहिल्या भागाचे शुद्धीकरण, म्हणजे संकेतांतला नको असलेला गोंगाट काढून टाकण्याचे काम, चार वेगवेगळ्या पद्धतींनी आधीच करून ठेवलेले असून तेही खुले आहे. पायथन भाषेतील नायलर्न या ग्रंथालयात हा शुद्ध केलेला डेटा उतरवून घेण्याची तयार आज्ञा आहे. सी-पॅक ही शुद्धीकरण पद्धत आणि सीसी२०० हा दोनशे भागांचा मेंदूनकाशा निवडला, तर प्रत्येक व्यक्तीसाठी एक छोटी मजकूर-फाइल मिळते. तिच्यातील प्रत्येक ओळ म्हणजे वेळेचा एक क्षण आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे मेंदूचा एक भाग. गुणवत्ता तपासणीत उत्तीर्ण झालेल्याच व्यक्ती घेतल्या, आणि ती आज्ञा मुळात तसेच करते, तर ८७१ जण उरतात. पूर्ण प्रतिमा उतरवल्या तर लॅपटॉपची साठवण अपुरी पडते. या फाइली मात्र सहज मावतात.

फाइली आल्या की लगेच सहसंबंध काढायला बसू नये. एक संध्याकाळ सोबतच्या माहिती-तक्त्याला द्यावी. त्या तक्त्यात निदानाच्या स्तंभात १ म्हणजे स्वमग्न आणि २ म्हणजे तुलना गट आहे; शून्य म्हणजे निरोगी आणि एक म्हणजे बाधित अशी सवय असलेला माणूस येथे सगळे निष्कर्ष उलटे करून बसतो. बुद्ध्यंकाच्या स्तंभात -९९९९ दिसले तर तो आकडा नसून माहिती नसल्याची खूण आहे, आणि ती न काढता सरासरी घेतली तर विचित्र उत्तर येते. काही केंद्रांत डोळे उघडे ठेवून स्कॅन केले आहे, काहींत मिटून. त्यासाठीही स्वतंत्र स्तंभ आहे आणि त्याचा परिणाम लयींवर होतो. मालिकांच्या, म्हणजे प्रत्येक भागाच्या क्षणाक्षणाच्या आकड्यांच्या, फाइलींतही एखादा स्तंभ पूर्णपणे शून्य असू शकतो, कारण त्या व्यक्तीच्या स्कॅनमध्ये मेंदूचा तेवढा भाग चौकटीबाहेर राहिलेला असतो. असे स्तंभ आधी मोजून घ्यावेत, नाहीतर सहसंबंधाच्या सारणीत रिकाम्या जागा तयार होतात.

हा संग्रह कोणाचा आहे याचेही भान ठेवावे. सर्व केंद्रे अमेरिका आणि युरोपातील आहेत. स्वमग्न व्यक्तींमध्ये मुलगे आणि पुरुष फार मोठ्या संख्येने आहेत, आणि यंत्रात शांत पडून राहू शकणाऱ्या, बोलू शकणाऱ्या, बुद्ध्यंक सरासरीच्या आसपास असणाऱ्यांचाच त्यात भरणा आहे. जे मूल मुळीच बोलत नाही, ज्याला यंत्राचा आवाज सोसत नाही, ते या संग्रहात जवळजवळ नाहीच. या डेटावरून काढलेला निष्कर्ष त्या मुलाला लागू करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

डोक्याची हालचाल: जिथे बहुतेक प्रकल्प बुडतात

या पायरीवर मी मुद्दाम जास्त थांबणार आहे. स्कॅन चालू असताना डोके अर्धा मिलिमीटर हलले तरी संकेतात मोठा फरक पडतो. २०१२ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की अशा बारीक हालचालींमुळे जवळजवळच्या भागांतील सहसंबंध खोटाच वाढतो आणि दूरच्या भागांतील सहसंबंध खोटाच घटतो. आता हे लक्षात घ्या की २००४ पासून स्वमग्नतेबद्दलचा एक वजनदार सिद्धांत नेमके हेच सांगत होता: दूरच्या भागांतील दुवे कमजोर असतात. त्याला जोडून जवळचे दुवे गरजेपेक्षा जास्त असतात, अशीही मांडणी होत होती. स्वमग्न मुले यंत्रात सरासरीने थोडी अधिक हलतात. म्हणजे ज्याला आपण आजवर मेंदूची रचना समजत होतो, त्याचा काही भाग निव्वळ मान हलल्याचा परिणाम असू शकत होता. २०१२ पूर्वीचे निबंध वाचताना हालचालीचा विचार किती केला आहे, हे आधी पाहावे.

हालचाल मोजण्यासाठी प्रत्येक दोन लागोपाठच्या चित्रांमध्ये डोके किती सरकले आणि किती वळले याची सहा मापे एकत्र केली जातात. वळण्याचे माप ५० मिलिमीटर त्रिज्येचा गोल धरून मिलिमीटरमध्ये आणतात. अशा मापाची प्रत्येक व्यक्तीची सरासरी अबाइडच्या तक्त्यात तयार मिळते. ती घेऊन तीन गोष्टी कराव्यात. सरासरी हालचाल ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त असलेल्या व्यक्ती वगळून एकदा आणि न वगळता एकदा, असे विश्लेषण दोनदा करावे. उरलेल्या दोन गटांची सरासरी हालचाल खरोखर सारखी आहे का ते तपासावे, आणि नसेल तर हालचाल सारखी असलेल्या जोड्या लावाव्यात. शेवटी प्रत्येक दुव्याची ताकद आणि व्यक्तीची हालचाल यांचा सहसंबंध काढून तो त्या दोन भागांमधील अंतरासमोर आलेखावर मांडावा. ढग आडवा पसरलेला दिसला तर शुद्धीकरण बरे झाले आहे. अंतर वाढेल तसा तो खाली उतरताना दिसला तर हालचाल अजून डेटात मुरलेली आहे, आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

वगळण्यालाही किंमत मोजावी लागते. जास्त हलणारी मुले काढली की उरलेली मुले वयाने मोठी आणि त्रास कमी असलेली असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी हे संशोधन करायचे तीच मुले गळून जातात. यावर पूर्ण उपाय नाही. किती जण वगळले, त्यांचे वय काय होते आणि लक्षणांची तीव्रता किती होती, हे प्रकल्प-अहवालात स्पष्ट लिहावे, एवढे प्रामाणिकपण आपल्या हातात असते.

मेंदूभर सरासरी संकेत काढून तो प्रत्येक भागातून वजा करण्याची एक पद्धत आहे. तिच्यामुळे श्वासाचा आणि हालचालीचा पाऊस बराच ओसरतो, परंतु त्याच गणितामुळे काही सहसंबंध कृत्रिमरीत्या ऋण होतात. ती वापरावी की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अबाइडचा शुद्ध डेटा दोन्ही प्रकारे मिळत असल्यामुळे दोन्हीकडे टिकणारी खूणच खूण मानावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सारणी आणि मापे

दोनशे भागांच्या मालिकांमधून दोन-दोन भागांचा सहसंबंध काढला की २०० × २०० ची सारणी तयार होते. ती कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे वेगळे दुवे १९,९०० एवढेच. सहसंबंधाच्या आकड्यांवर फिशरचे झेड रूपांतर करून घ्यावे, म्हणजे पुढची सरासरी आणि तुलना योग्य ठरते. नकाशा कोणता घ्यावा यावर फार दिवस घालवू नयेत. एका नकाशावर काम पूर्ण करून शेवटी दुसऱ्यावर, उदाहरणार्थ ११६ भागांच्या एएएल नकाशावर, तेच पुन्हा करून पाहावे.

आता मापांकडे. पेडण्याहून केप्याला बसने जायचे असेल तर म्हापसा, पणजी आणि मडगाव येथे बस बदलावी लागते. चार टप्प्यांत माणूस गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचतो. सर्व जोड्यांसाठी अशा टप्प्यांची सरासरी काढली की त्याला सरासरी मार्गलांबी म्हणतात. बार्देशातील दोन गावे म्हापशाला जोडलेली आहेत, पण ती आपसातही जोडलेली आहेत का, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गुच्छगुणांक. आपसात दाट आणि बाहेर विरळ जोडलेल्या गावांचे गट म्हणजे विभाग, आणि पणजीच्या बसस्थानकासारखे, जे बंद पडले तर अर्ध्या राज्याचा प्रवास खोळंबेल, ते केंद्र-नोड. १९९८ साली वॉट्स आणि स्ट्रोगाट्झ यांनी दाखवले की निसर्गातील अनेक जाळ्यांत गुच्छ दाट असूनही मार्ग आखूड असतात; मेंदूचे जाळेही तसेच आहे. ही सर्व मापे ‘ब्रेन कनेक्टिव्हिटी टूलबॉक्स’ या विनामूल्य संचात मिळतात, आणि पायथनमधले नेटवर्कएक्सही चालते.

मापे काढण्यापूर्वी कमजोर दुवे गाळावे लागतात, आणि तिथे एक सूक्ष्म खड्डा आहे. प्रत्येक व्यक्तीचे सर्वांत बळकट वीस टक्के दुवे ठेवायचे अशी रीत आहे. परंतु एखाद्या गटात एकूणच सहसंबंध कमी असेल, तर त्याच वीस टक्क्यांत अधिक कमजोर आणि म्हणून अधिक यादृच्छिक दुवे शिरतात; मग गुच्छगुणांक घटलेला दिसतो आणि आपण त्याला स्वमग्नतेची खूण म्हणतो. त्यामुळे गाळणीच्या एकाच टक्केवारीवर विसंबू नये, दहा ते तीस टक्क्यांपर्यंत पायरीपायरीने मापे काढावीत, आणि दोन्ही गटांची एकूण सरासरी ताकद आधी तपासावी. मार्गलांबी आणि गुच्छगुणांक यांची तुलना, प्रत्येक नोडच्या दुव्यांची संख्या तीच ठेवून केलेल्या यादृच्छिक जाळ्यांशी करावी. त्यावाचून त्या आकड्यांना अर्थ नाही.

गटांची तुलना

१९,९०० दुव्यांवर प्रत्येकी एक चाचणी लावली आणि ०.०५ ही सीमा ठेवली, तर काहीच फरक नसतानाही सुमारे ९९५ दुवे ‘लक्षणीय’ दिसतील. म्हणून अशा खोट्या शोधांचे प्रमाण आवरणारी बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती किंवा झालेस्की यांची २०१० सालची जाळ्यावर आधारित चाचणी वापरावी. ही दुसरी चाचणी एकमेकांना जोडलेल्या दुव्यांच्या गटाबद्दल निर्णय देते, त्यातील सुट्या दुव्याबद्दल देत नाही. अहवालात तसेच लिहावे. वय, लिंग, हालचाल आणि केंद्र हे चारही घटक प्रारूपात असलेच पाहिजेत.

एकट्या व्यक्तीबद्दल भाकीत

यंत्रशिक्षणाची, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याची, वेळ येथे येते, आणि विद्यार्थ्यांचा उत्साहही येथेच सर्वांत जास्त असतो. साध्या प्रारूपापासून सुरुवात करावी: दुव्यांची ताकद हे इनपुट, आणि नियंत्रित (शिकवणीचा डेटा नुसता पाठ करू न देणारे) लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा रेषीय सपोर्ट व्हेक्टर मशीन हे वर्गीकारक, म्हणजे व्यक्ती कोणत्या गटातली ते ठरवणारे गणित. या डेटावर काय शक्य आहे याचा अंदाज आधीच घेऊन ठेवावा. युटा येथील गटाने २०१३ साली सुमारे ६० टक्के अचूकता नोंदवली, फ्रान्समधील गटाने २०१७ साली ८७१ जणांवर ६७ टक्के, आणि ब्राझीलमधील संशोधकांनी २०१८ साली डीप लर्निंग वापरून १,०३५ जणांवर ७० टक्के. तुमच्या पहिल्याच प्रयत्नात नव्वद टक्के आले तर आनंद मानण्याऐवजी चूक शोधायला बसावे.

चूक बहुधा कुठे असते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सर्व व्यक्तींच्या डेटावरून दोन गटांत सर्वाधिक फरक असलेले काही शे दुवे निवडले, मग व्यक्तींची शिकवणी आणि चाचणी अशी विभागणी केली, आणि अचूकता फार चांगली आली. अहवाल बांधायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दुवे निवडताना चाचणीतली मुलेही आपण पाहिलीच होती ना?” तिचे म्हणणे बरोबर होते. निवड फक्त शिकवणीच्या गटावर करून पुन्हा चालवले तेव्हा अचूकता नाणेफेकीच्या जवळ येऊन ठेपली. चार महिन्यांचे निष्कर्ष काढून टाकावे लागले, आणि ते काढून टाकले हेच योग्य झाले. तेव्हापासून माझा नियम आहे: दुव्यांची निवड, प्रमाणीकरण, नियंत्रणाची मात्रा ठरवणे, केंद्रांमधील फरकाची दुरुस्ती, या सर्व क्रिया प्रत्येक वेळी शिकवणीच्या भागातच झाल्या पाहिजेत. चाचणीचा भाग शेवटपर्यंत कुलपात राहिला पाहिजे.

दुसरी चूक केंद्रांची. प्रत्येक केंद्राचे यंत्र, स्कॅनचा कालावधी आणि मुलांचे वय निराळे असते, आणि तुम्ही करून पाहाल तर जाळ्यावरून निदानापेक्षा केंद्र ओळखणे वर्गीकारकाला कितीतरी सोपे जाते असे दिसेल. एखाद्या केंद्रात स्वमग्न व्यक्तींचे प्रमाण जास्त असेल, तर वर्गीकारक केंद्र ओळखून निदानाचे श्रेय घेतो. म्हणून एक केंद्र संपूर्ण बाहेर ठेवून उरलेल्यांवर शिकवावे, बाहेर ठेवलेल्यावर तपासावे, आणि असे प्रत्येक केंद्रासाठी करावे. या पद्धतीने अचूकता घसरते. तीच खरी अचूकता समजावी. केंद्रांमधील फरक घालवण्यासाठी कॉम्बॅट ही जनुकशास्त्रातून आलेली पद्धत वापरली जाते, परंतु न पाहिलेल्या नव्या केंद्राची दुरुस्ती तिला करता येत नाही, हे तिचा वापर करणारे पुष्कळदा विसरतात.

याबरोबर दोन पायाभूत तुलना अवश्य द्याव्यात. एक म्हणजे मेंदू मुळीच न पाहता फक्त हालचाल, वय, लिंग आणि केंद्र एवढ्यावर शिकवलेला वर्गीकारक. तुमचे जाळे त्याला मागे टाकत नसेल तर जाळ्यात खूण सापडलेली नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक केंद्राच्या आत निदानाची नावे हजार वेळा पिसून मिळालेल्या अचूकतांचा पसारा, ज्याच्यापुढे तुमचा आकडा ठेवून पाहायचा.

आता सत्तर टक्क्यांचा व्यवहारातला अर्थ. समजा शंभरात एक मूल स्वमग्न आहे, आणि आपली चाचणी स्वमग्न व इतर अशा दोन्ही प्रकारच्या मुलांत सत्तर टक्के बरोबर ठरते. एक हजार मुले तपासली तर दहा स्वमग्न मुलांपैकी सात सापडतील, आणि उरलेल्या ९९० मुलांपैकी २९७ मुलांवर खोटा शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या ३०४ मुलांत खरी स्वमग्न सात. संग्रहात दोन्ही गट जवळजवळ निम्मे-निम्मे असल्यामुळे हे दिसत नाही, गावात दिसते. अहवालात अचूकतेच्या शेजारी हा हिशेब मांडलेला नसेल तर तो अहवाल मी परत देतो.

सापडलेल्या खुणेचा अर्थ

वर्गीकारकाने कोणते दुवे उचलले, ते प्रत्येक फेरीत तेच राहिले का, हे पाहावे. दर फेरीत बदलणारे दुवे रंगीत मेंदूच्या चित्रावर सुंदर दिसतात, पण त्यांवर परिच्छेद लिहू नये. टिकणारे दुवे पूर्वीच्या कामाशी ताडून पाहावेत: अबाइडच्या पहिल्या मोठ्या विश्लेषणात मेंदूच्या बाह्य थरातील आणि दोन अर्धगोलांमधील दुवे सरासरीने कमजोर, तर थॅलॅमससारख्या खोल भागांशी असलेले काही दुवे अधिक बळकट आढळले होते. शाळकरी वयात दुवे जास्त आणि प्रौढ वयात कमी असेही निष्कर्ष आलेले आहेत, म्हणून सात वर्षांचे मूल आणि चाळीस वर्षांचा माणूस एकाच सरासरीत घालणे मला पटत नाही; वयाचे गट वेगळे करून पाहावेत, व्यक्ती कमी पडल्या तरी चालेल. २०१७ साली, मोठ्या भावंडाला स्वमग्नता असलेल्या ५९ तान्ह्या मुलांचे सहाव्या महिन्यात झोपेत स्कॅन घेऊन, दोन वर्षांच्या वयात निदान झालेल्या अकरांपैकी नऊ मुले आधीच ओळखता आल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो महत्त्वाचा आहे, आणि अकरा ही संख्या फार लहान आहे. ही दोन्ही विधाने एकत्रच उद्धृत करावीत.

गोव्यात स्वतः डेटा जमवायचा असेल तर

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. भारतातील दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमधील मेंदूविकासाच्या अडचणींचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले मोठे सर्वेक्षण ज्या पाच ठिकाणी झाले, त्यांत उत्तर गोवा होता. पालकांच्या मदतीने करायच्या उपचारपद्धतीची गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्या भारतातील कामात पर्वरीची संगाथ संस्था होती. म्हणजे आमची मुले सर्वेक्षणात आहेत, उपचारांच्या चाचणीत आहेत, पण अबाइडसारख्या स्कॅनच्या संग्रहांत नाहीत. ही उणीव भरून काढणे हे खरे मोलाचे काम आहे.

तरीही एमआरआयपासून सुरुवात करू नये. त्या यंत्राचा आवाज मोठ्या माणसालाही त्रासदायक असतो, आणि आवाजाने व्याकूळ होणाऱ्या मुलाला त्यात घालणे फक्त संशोधनासाठी समर्थनीय ठरेलच असे नाही. गुंगीचे औषध दिले तर मेंदूचे जाळेच बदलते. ईईजी, म्हणजे डोक्यावरून घेतलेली मेंदूच्या विद्युतसंकेतांची नोंद, हा बरा मार्ग आहे. डोक्यावर १९ इलेक्ट्रोडची टोपी, मूल आईच्या मांडीवर, काही मिनिटांची नोंद. ईईजीत एकाच उगमाचा संकेत अनेक इलेक्ट्रोडवर पसरतो आणि त्यातून खोटे दुवे तयार होतात, म्हणून साध्या सहसंबंधाऐवजी २००७ साली मांडलेल्या, एक लय दुसरीच्या सातत्याने मागे किंवा पुढे आहे का ते पाहणाऱ्या, फेज लॅग निर्देशांकासारखे माप वापरावे. हालचाल, केंद्र आणि कुलूपबंद चाचणी-गट यांचे वर सांगितलेले नियम येथेही तसेच लागू होतात.

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता ही पहिली पायरी आहे, आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ बरोबर असल्याशिवाय अर्जही करू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरील मुलाचीही त्याच्या परीने होकाराची विचारणा करावी लागते. संमतिपत्र घरच्या भाषेत असावे. आमच्याकडे एकाच घरात कोंकणी बोलली जाते, मराठी वाचली जाते आणि शाळा इंग्रजीत होते. पालकांना कोणत्या भाषेत समजते हे विचारून मगच कागद पुढे करावा, आणि मुलाच्या भाषाविकासाची नोंद घेतानाही कोणती भाषा मोजली ते लिहावे, नाहीतर तीन भाषांत वाढणारे मूल उगाच मागे पडलेले दिसते.

संमतिपत्रात एक वाक्य ठळक अक्षरांत असावे: या तपासणीतून तुमच्या मुलाबद्दल कोणताही निष्कर्ष तुम्हाला दिला जाणार नाही. हे वाक्य वाचूनही नोंद झाल्यावर एखादी आई दाराशी थांबते आणि विचारते, “म्हज्या भुरग्याचें कितें दिसलें?” (माझ्या मुलाचे काय दिसले?) अशा वेळी पडद्यावरच्या रंगीत रेषांकडे बोट दाखवून काहीही सांगू नये. ताई, या रेषा पुष्कळ मुलांच्या एकत्र केल्या तर त्यातून काही कळते, एकट्या मुलाचे कळत नाही, असे तिला तिच्या भाषेत सांगावे; मूल बोलायला उशीर लावत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर स्कॅनच्या मागे न लागता विकासतपासणीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे लवकर जावे, हे सांगावे; आणि बरोबरच्या तज्ज्ञांची वेळ तिथेच ठरवून कागदावर लिहून द्यावी.